एकच घर, दोन चुली: वेगळं झाल्यावर सरकारी मदत कशी मागायची

नवऱ्याशी पटलं नाही की बाई माहेरी जाते, असं सगळे धरूनच चालतात. सरकारी फॉर्मही त्याच हिशेबाने बनलेले. पण माहेरी भाऊ-वहिनीच्या दोन खोल्या, भाड्याच्या खोलीला डिपॉझिट लागतं आणि मुलांची शाळा इथेच, म्हणून कितीतरी जणी त्याच घरात राहतात. मीही राहते. नागपुरात मानेवाड्याचं आमचं घर सासूबाईंच्या नावावर आहे. पुढच्या दोन खोल्यांत नवरा आणि सासूबाई, मागच्या खोलीत मी आणि माझी आठवीतली मुलगी. मी शिवणकाम करते, फॉल-पिको, ब्लाउज. नवऱ्याने घरखर्च द्यायचा बंद केला, तेव्हापासून माझी चूल वेगळी आहे.

रेशन, मुलीसाठीची मदत, दाखले हे सगळं मी याच पत्त्यावरून केलं. आता आजूबाजूच्या बाया विचारायला येतात, म्हणून जे माहीत आहे ते लिहून ठेवते आहे. यात महत्त्व क्रमाला आहे. बहुतेक जणी थेट सेतूच्या खिडकीवर जाऊन योजनेचा फॉर्म मागतात आणि तिथेच प्रश्न येतो, "नवऱ्यासोबतच राहता ना बाई? मग वेगळ्या कशा?" या प्रश्नाचं उत्तर आधी कागदावर तयार पाहिजे, मग योजना.

वेगळं कधीपासून, ते पक्कं करा

एका छताखाली राहूनही नवरा-बायको वेगळे असू शकतात, हे सुप्रीम कोर्टाने १९९१ सालीच सुरेष्टा देवी विरुद्ध ओमप्रकाश या खटल्यात सांगून ठेवलं आहे. वेगळं राहणं म्हणजे पती-पत्नी म्हणून न राहणं, ते कुठे राहतात याच्याशी त्याचा संबंध नाही, असं कोर्टाने म्हटलं. तो निकाल परस्पर संमतीच्या घटस्फोटाबद्दल होता. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब प्रमाणे त्यासाठी निदान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. आपल्या नागपुरात हे मुद्दाम सांगावं लागतं की बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही हाच कायदा लागू आहे. पोटगीचा आणि घरगुती हिंसाचाराचा कायदा तर कुठल्याही धर्माच्या बाईला लागू होतो.

म्हणून आधी एक तारीख ठरवा, खरी. घरखर्च बंद झाला तो महिना, किंवा चूल वेगळी केली तो दिवस. पुढे प्रत्येक अर्जात तीच तारीख लिहायची. सेतूत एक, कोर्टात दुसरी आणि रेशनच्या अर्जात तिसरी असं झालं की पुढचा माणूस शंका घेणारच.

त्या तारखेपासूनचे कागद एका फाईलमध्ये लावत जा. किराण्याच्या दुकानात आपल्या नावाची वेगळी उधारीची वही, गॅस सिलिंडरची पावती, मुलीच्या शाळेची फी आपण भरल्याच्या पावत्या, आपल्या एकटीच्या नावाचं बँक पासबुक. नवऱ्याचे "पैसे मागू नको" छाप मेसेज असतील तर ते पुसू नका.

घरातली मांडणीही तशीच हवी, कारण कोणीतरी बघायला येतंच. माझ्याकडे तलाठी आले तेव्हा त्यांनी आत येऊन पहिल्यांदा गॅसकडे पाहिलं. मागच्या खोलीत खिडकीखाली कडप्प्याचा ओटा, त्यावर दोन बर्नरची शेगडी, खाली सिलिंडर, बाजूला तांदळाचा आणि कणकेचा डबा, तिखट-मिठाचा डबा, भिंतीला शिलाई मशीन. त्यांनी विचारलं, पाणी कुठून भरता? म्हटलं, नळ आणि संडास सामाईक आहेत, बाकी सगळं इथे. त्यांनी तसंच लिहिलं. सामाईक आहे ते सामाईकच सांगा. नळ एक आहे म्हणून कोणी तुम्हाला एकत्र कुटुंब ठरवत नाही, पण खोटं सांगितलेलं सापडलं की खऱ्यावरही विश्वास बसत नाही. शेजारच्या दोघींना आधी सांगून ठेवा, त्यांचेही जबाब घेतात.

स्टँप पेपरवर सही करू नका

हे मी ज्या त्या बाईला हात जोडून सांगते. घरात बैठक बसते. मामा, काका, मोठे भासरे, समाजातले चार लोक. कोणीतरी नोटरीकडून कागद करून आणतो: "आम्ही दोघे राजीखुशीने, परस्पर संमतीने वेगळे राहत आहोत, एकमेकांवर कोणताही हक्क नाही." सगळे म्हणतात, सही कर आणि मोकळी हो.

या कागदाने घटस्फोट होत नाही. नोटरीचा शिक्का म्हणजे कोर्टाचा हुकूमनामा नव्हे, आणि कुठलंही कार्यालय तो घटस्फोटाचा पुरावा म्हणून धरत नाही. फायदा काही नाही, तोटा मात्र मोठा आहे. पोटगीचं जुनं कलम १२५ आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालं आहे. त्यातच लिहिलं आहे की नवरा-बायको परस्पर संमतीने वेगळे राहत असतील तर बायकोला त्या कलमाखाली पोटगी मिळत नाही. म्हणजे त्या एका ओळीवर सही केली की नवऱ्याच्या वकिलाच्या हातात आयतं उत्तर जातं. मुलांच्या पोटगीचा हक्क वेगळा आहे, तो आईच्या सहीने जात नाही.

दोघांनाही खरोखर समजुतीने सुटायचं असेल तर तो कागद कौटुंबिक न्यायालयातच होऊ द्या, पोटगी आणि मुलांचा खर्च त्यात लिहून. बैठकीत एवढंच म्हणायचं, "वकिलाला दाखवून सांगते."

वकील फुकट मिळतो

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२. बाई असेल तर तिचं उत्पन्न न पाहता सरकारी खर्चाने वकील मिळतो. नागपूरचं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयातच आहे. साधा अर्ज, आधारची झेरॉक्स आणि आपली अडचण एका पानावर, एवढं घेऊन जा. आधी फोनवर विचारायचं असेल तर १५१०० हा विधी सेवेचा क्रमांक आहे. मारहाण, धमकी असेल तर १८१ किंवा ११२ लावा. पोलिसांच्या भरोसा सेलमध्ये समुपदेशनही होतं, पण तिथे समझोता लिहून घेत असतील तर वरची स्टँप पेपरची गोष्ट लक्षात ठेवूनच सही करा.

माझ्यासारखी त्याच घरात राहणारी असेल, तर मला २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा सगळ्यात कामाचा वाटतो. अंगावर हात टाकला तरच हा कायदा, असं बायांना वाटतं. तसं नाही. घरखर्च बंद करणं, स्त्रीधन अडवून ठेवणं ही त्या कायद्यात आर्थिक हिंसा आहे. कलम १७ प्रमाणे सामाईक घरात राहण्याचा हक्क आहे, घर तुमच्या नावावर असो की नसो. कलम १९ खाली "हिला घराबाहेर काढू नका" असा आदेश मागता येतो, कलम २० खाली खर्च. घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी ते सामाईक घर ठरू शकतं, हे सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२० मध्ये सतीशचंदर आहुजा प्रकरणात स्पष्ट केलं. माझ्या सासूबाईंनी "घर माझं आहे, निघ" म्हटलं तेव्हा मला याचाच आधार झाला.

अर्ज करायला संरक्षण अधिकारी मदत करतात. ते महिला व बालविकास विभागाचे असतात आणि पैसे घेत नाहीत. तुमचं सांगणं ऐकून ते घटनेचा अहवाल तयार करतात, तो मॅजिस्ट्रेटपुढे जातो. दाखल झालेल्या अर्जाची शिक्क्याची प्रत मागून घ्या आणि चार-पाच झेरॉक्स करून ठेवा. निकाल लागायला वेळ लागतो, पण दाखल केल्याचा हा कागद लगेच कामाला येतो. "वेगळ्या कशा?" या प्रश्नावर हाच पुढे करायचा.

उत्पन्नाचा दाखला

जवळजवळ प्रत्येक योजनेला हा लागतोच, आणि गाडी अडते ती इथेच. दाखला कुटुंबाच्या उत्पन्नाचा असतो. नवऱ्याचा पगार त्यात धरला की तुमच्या हाती शून्य असूनही तुम्ही कागदोपत्री खात्यापित्या घरच्या. म्हणून आपलं कुटुंब म्हणजे कोण, हे अर्जासोबतच्या स्वयंघोषणेत आपणच लिहून द्यायचं. माझी साधारण अशी होती:

"मी खाली सही करणारी, राहणार मानेवाडा, नागपूर, लिहून देते की, माझे पती व मी एकाच घरात राहत असलो तरी दिनांक ...... पासून पती-पत्नी म्हणून एकत्र राहत नाही. माझा स्वयंपाक, किराणा व सर्व खर्च वेगळा आहे. पती मला व मुलीला घरखर्च देत नाहीत. माझ्या कुटुंबात मी व माझी मुलगी अशा दोघी आहोत. शिवणकामातून माझे वार्षिक उत्पन्न सुमारे ४८,००० रुपये आहे. न्यायालयात दाखल अर्जाची प्रत सोबत जोडली आहे."

यात "मला टाकून दिलं", "तो परागंदा आहे" असलं काही लिहू नका. नवरा त्याच पत्त्यावर आहे, शोधायला गेलं की दारात सापडतो. जे आहे ते असंच सरळ लिहिलं तर तपासणीत टिकतं.

दाखल्यासाठी पाचशेचा स्टँप पेपर आणा असं कोणी म्हणालं तर आणू नका. सरकारी कार्यालयात द्यायच्या अशा प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क माफ आहे, साध्या कागदावर चालतं. अर्ज आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतूतून करा आणि पावती क्रमांक घ्या. लोकसेवा हक्क कायदा २०१५ खाली या दाखल्याला १५ दिवसांची मुदत आहे. मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला तर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. "ऐसं होत नाही, नवऱ्याला घेऊन या" असं तोंडी सांगून परत पाठवत असतील तर नम्रपणे म्हणायचं, "साहेब, नाही म्हणायचं तर अर्जावर लिहून द्या." लिहून द्यायची वेळ आली की बरेचदा अर्ज घेतात.

रेशन कार्ड

एकाच पत्त्यावर दुसरी शिधापत्रिका म्हटलं की कारकून सावध होतो. धान्य दोनदा उचलायला लोक खोटी कार्डं करतात, त्यामुळे त्याची काळजी चूक नाही. दाखवायचं हे की आपलं नाव जुन्या कार्डावरून निघून नव्यावर येतंय, दोन्हीकडे राहत नाही.

जुन्या कार्डाचा कुटुंबप्रमुख कोण, ते आधी पाहा. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे घरातली १८ वर्षांवरची सगळ्यात मोठी बाई प्रमुख असते. सासूबाई त्याच कार्डावर असतील तर त्या, नसतील तर बहुधा तुम्हीच. नाव कमी करण्याच्या अर्जावर प्रमुखाची सही मागतात. सासूबाई सही देत नसतील तर भांडत बसू नका. रेशनच्या परिमंडळ कार्यालयात लेखी द्या की प्रमुख सही देत नाही, कोर्टातल्या अर्जाची प्रत सोबत आहे, चौकशी करून नाव वेगळं करावं. घराचं वीजबिल दुसऱ्याच्या नावावर असतं, त्यामुळे पत्त्यासाठी आपलं आधार आणि मुलीचं शाळेचं बोनाफाईड लावा.

शहरात वर्षाला ५९,००० पर्यंत उत्पन्न असेल तर प्राधान्य कुटुंबात बसता, माणशी महिन्याला ५ किलो धान्य, सध्या मोफत. त्याच्या वर आणि एक लाखापर्यंत केशरी कार्ड मिळतं, पण प्राधान्यातलं हे धान्य नाही. केशरीला नाक मुरडू नका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत मेडिकल-मेयोसारख्या सरकारी दवाखान्यात मोठं ऑपरेशन निघालं तर पहिल्यांदा रेशन कार्डच मागतात. म्हणूनच नाव कमी करणं आणि नवीन कार्ड, हे दोन्ही अर्ज एकाच वेळी द्या. जुन्यातून नाव निघालं आणि नवं झालं नाही, अशा मधल्या महिन्यांत आजारपण आलं तर हाल होतात. नवीन कार्ड आलं की आपली आणि मुलांची ई-केवायसी दुकानावर लगेच करून टाका.

मग योजना

संजय गांधी निराधार योजनेत महिन्याला १,५०० रुपये मिळतात. वय ६५ च्या आत, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० पर्यंत, आणि महाराष्ट्रात निदान १५ वर्षं वास्तव्य. ही शेवटची अट नागपुरात बऱ्याच जणींना आडवी येते, कारण छिंदवाडा, सिवनी, बालाघाटहून लग्न होऊन आलेल्या सुना इथे घरोघरी आहेत. योजनेत परित्यक्ता, घटस्फोट प्रक्रियेतल्या आणि घटस्फोट होऊनही पोटगी न मिळालेल्या बाया बसतात. एकाच घरात राहणारीने "घटस्फोट प्रक्रियेतील" हाच रकाना धरावा असं माझं मत आहे, पण त्यासाठी घटस्फोटाचा दावा दाखल असायला पाहिजे, नुसता हिंसाचाराचा अर्ज पुरत नाही. २१,००० म्हणजे महिन्याला जेमतेम पावणेदोन हजार. माझी कमाई त्यात बसत नव्हती म्हणून मी तो अर्जच केला नाही. ज्यांच्या हाताला काहीच काम नाही त्यांनी तहसीलच्या संजय गांधी शाखेत जरूर करावा.

मला उपयोग झाला तो बालसंगोपन योजनेचा. हिचं पूर्ण नाव आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. १८ वर्षांपर्यंतच्या मुलाला महिन्याला २,२५० रुपये. आई-बाप दोघेही गेलेल्या मुलांसाठीच आहे असं लोक समजतात, पण आई-वडील विभक्त झालेली, एकाच पालकाने सांभाळलेली मुलंही तीत बसतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात, मंजुरी बालकल्याण समितीची. मुलीचं आधार, बोनाफाईड, आपला उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, वेगळं झाल्याचा कागद आणि घरासमोर उभं राहून मुलीसोबत काढलेला फोटो. आम्ही दोघींनी तो मागच्या दारात काढला, शिवणाच्या पाटीखाली. समितीपुढे मुलीलाही प्रश्न विचारतात. तिला पढवू नका. "बाबा पुढे राहतात, आई फी भरते" हे ती स्वतःच सांगते, आणि ते पुरतं. ज्यांचं शहरातलं उत्पन्न ९६,००० च्या आत आहे त्यांनी मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेतल्या महिना ४,००० रुपयांच्या प्रायोजकत्वाबद्दलही त्याच कार्यालयात विचारून घ्यावं. मुलासाठी दोन्हींपैकी एकच मिळेल हे धरून चाला.

लाडकी बहीण ज्यांची आधीपासून चालू आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी. नव्या अर्जांची मुदत १५ ऑक्टोबर २०२४ ला संपली. आणि निराधारचे १,५०० चालू झाले की लाडकी बहीणचे १,५०० मिळत नाहीत, दोन्ही घेऊ नका, पुढे वसुली निघू शकते. ई-केवायसीला नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवर ओटीपी जातो. नवरा ओटीपी देत नसेल तर अंगणवाडी सेविकेला लेखी अर्ज आणि कोर्टाच्या कागदाची प्रत द्या, पोच घ्या.

पैसा कुठल्या खात्यात जातो

फॉर्मवर खाते क्रमांक लिहिला म्हणून पैसा तिथेच येईल असं नाही. योजनेचा पैसा आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात पडतो. लग्नानंतर नवऱ्यासोबत उघडलेलं जॉइंट खातं आधारला जोडलेलं असेल तर मंजूर झालेली रक्कम त्यात जाईल आणि एटीएम कार्ड त्याच्या खिशात. म्हणून पहिला अर्ज करायच्या आधीच आपल्या एकटीचं खातं काढून बँकेत आधार सीडिंगचा, म्हणजे ते खातं आधारला जोडायचा फॉर्म भरा. कुठलं खातं जोडलं आहे ते आधारच्या वेबसाइटवर दिसतं. मोबाइल नंबरही आपलाच हवा, नवऱ्याच्या नावावरचं सिम नको. आणि फाईल कुलपात ठेवा. एकाच घरात राहताना कागद नाहीसे होतात. मी माझी फाईल मशीनच्या खणात ठेवते, आणि सगळ्या कागदांचे फोटो बहिणीच्या मोबाइलवर पाठवलेले आहेत.

पोटगीचा आदेश झाला की तो ज्या कार्यालयातून मदत घेता तिथे कळवा. निराधारमध्ये ठरलेल्या उत्पन्नापेक्षा कमी पोटगी मिळणारीही पात्र राहते, त्यामुळे लपवायचं कारण नाही. आदेश झाला तरी पैसे येतीलच असं नसतं, म्हणून पासबुक दर महिन्याला भरून घ्या. पोटगी थकली तर वसुलीचा अर्ज ती देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालाप्रमाणे पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते, तेव्हा थकबाकीचा हिशेबही त्या तारखेपासूनच मांडून वकिलाकडे द्या.